सरकारी घरं आणि भाडेकरूंचं मंडळ: अमेरिकेतल्या रेसिडेंट कौन्सिलबद्दल

पायरीवर

अमेरिकेतल्या पब्लिक हाऊसिंगचा विषय निघाला की गप्पा फिरून फिरून गुन्हेगारी, बंद पडलेल्या लिफ्ट आणि सुरुंग लावून पाडलेल्या इमारतींवर येतात. तिथले भाडेकरू वसाहतीच्या कारभारात कसा आणि कितपत हात घालू शकतात, यावर मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी इथे एका स्वयंसेवी गटातर्फे अशा मंडळांच्या निवडणुकांना बाहेरची निरीक्षक म्हणून जाते. तेव्हा थोडं नियमावलीतलं, थोडं मतमोजणीच्या टेबलावरून दिसलेलं, असं मिसळून लिहिणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९३७च्या कायद्याने ही घरं सुरू झाली. मालकी स्थानिक हाऊसिंग ऑथॉरिटीची, पैसा मुख्यतः केंद्राचा, आणि वरून देखरेख 'हड' या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची. भाडं बहुतेक कुटुंबांना उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पडतं. रेसिडेंट कौन्सिल म्हणजे या भाडेकरूंनी आपल्यातूनच निवडलेलं मंडळ. त्याच्याकडे मालकी नाही. भाडं ठरवणं, प्लंबर नेमणं, रिकामं घर कोणाला द्यायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. मग कारभार कसला, असं कोणीही विचारेल.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. या मंडळांना निर्णय घेता येत नाहीत, पण ऑथॉरिटीला लेखी उत्तर द्यायला भाग पाडता येतं. ज्या मंडळाने हे ओळखलंय त्याचं वजन आहे. बाकीची मंडळं नाताळची पार्टी करतात आणि तिथेच थांबतात.

नियम हडच्या नियमावलीच्या भाग ९६४ मध्ये आहेत, मुख्यतः १९९४ साली आलेले. मंडळाला लेखी पोटनियम हवेत. कार्यकारिणी निदान पाच जणांची असावी. निवडणूक तीन वर्षांतून एकदा तरी झालीच पाहिजे, उमेदवारी आणि मतदानाची सूचना ३० दिवस आधी लागली पाहिजे, आणि देखरेखीला बाहेरचा, तटस्थ कोणीतरी हवा (तिथे आम्ही येतो). निवडून दिलेल्यांना मध्येच परत बोलावण्याची सोयही पोटनियमांत असावीच लागते. हे सगळं पाळलं तर ऑथॉरिटीला त्या मंडळालाच रहिवाशांचे एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता द्यावी लागते, शिवाय मागितली तर बसायला जागाही द्यावी, बिनभाड्याची, असं नियम सांगतो.

मतदानाच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ जातो तो यादीच्या टेबलावर. मतदार कोण? १८ वर्षांवरचा, भाडेकरारात नाव असलेला प्रत्येकजण. कुटुंबप्रमुख असेल तर वयाचीही अट नाही, सतरा वर्षांची एकटी आई मत देऊ शकते. गंमत इथेच संपते. एका संध्याकाळी एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा एकोणीस-वीसचा, त्याच घरात वाढलेला, पण त्याचं नाव करारावर नव्हतं. आईने मत दिलं, तो दाराशी फोन बघत उभा. शेजारच्या टेबलावरच्या बाई मला नंतर हळूच म्हणाल्या, "नाव घातलं की त्याचा पगार भाड्यात धरतात ना." मतदार यादी ऑथॉरिटीकडून येते, म्हणून अशी किती माणसं त्या खोलीकडे फिरकतच नाहीत याचा अंदाज करा. मतदान कमी झालं की 'लोकांना काही पडलेलीच नाही' असं अहवालात लिहिणं सोपं जातं. मला ते पटत नाही.

मोजणी साधीच. प्लॅस्टिकचा साठवणीचा डबा, झाकणाला चीर, कडेने चिकटपट्टी आणि तिच्यावर दोन्ही गटांच्या सह्या. पाच जागांसाठी सहा खुणा केलेल्या मतपत्रिका निघतातच, आणि त्या बाद करताना जो आवाज चढतो तो कुठल्याही निवडणुकीतल्यासारखाच असतो.

ज्यांना या विषयातलं अधिक माहीत असेल त्यांनी भर घालावी.

शंकासुर

धागा आवडला, पण पायरीताई, हे दात काढलेल्या वाघासारखं वाटतंय. जागा देतात, मान्यता देतात, आणि अधिकार मात्र शून्य. 'लेखी उत्तर' घेऊन काय करायचं, फ्रेम करून लावायचं? ऑथॉरिटीने उत्तरात 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं लिहिलं की संपलं. उलट लोकांचा राग बैठकांत जिरवायला हे बरं साधन आहे, असा माझा संशय आहे.

बोरूबहाद्दर

शंकासुर, संशय रास्त आहे, पण इतिहास बघितला तर ही मंडळं वरून कृपा म्हणून आलेली नाहीत.

सेंट लुईसमध्ये १९६९ साली फेब्रुवारी ते ऑक्टोबर भाडेकरूंनी भाडं देणंच बंद केलं. प्रुइट-आयगो ही पुढे पाडलेली, गाजलेली सरकारी वसाहत त्याच शहरातली. ऑथॉरिटीचा खर्च वाढला की ती भाडं वाढवायची, काही कुटुंबांची निम्म्याहून जास्त कमाई त्यात जायची. संप मिटताना भाड्यावर मर्यादा आली आणि कारभारात भाडेकरूंना जागा मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटी सिनेटर एडवर्ड ब्रुक यांची दुरुस्ती संमत झाली, भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधलं गेलं. १९८१ मध्ये ते ३० टक्के झालं, तेच आजवर चालू आहे. पायरीवर यांनी वर दिलेल्या आकड्यामागे हे आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम, मॅकडुगल्ड टेरेस नावाची वसाहत. १० ऑगस्ट १९६५ रोजी जॉइस थॉर्प या बाई भाडेकरूंच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. ११ ऑगस्टला त्यांना घर खाली करण्याची नोटीस. कारण दिलंच नाही, करारात १५ दिवसांच्या सूचनेवर काढता येईल असं होतं तेवढं दाखवलं. त्या कोर्टात गेल्या. खटला चालू असतानाच, १९६७ मध्ये, हडने परिपत्रक काढलं: काढण्याआधी भाडेकरूला कारण सांगा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. ऑथॉरिटी म्हणे, हे आम्हाला लागू नाही. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लागू आहे.

म्हणजे आज जे कंटाळवाणं नियमपुस्तक वाटतं त्यातली एकेक ओळ कोणाच्या तरी दारावर चिकटवलेल्या नोटिशीतून आलेली आहे.

शंकासुर

थॉर्प यांचं प्रकरण माहीत नव्हतं. धन्यवाद. पण ते कोर्टाने केलं, मंडळाने नाही. मूळ शंका कायम.

पायरीवर

शंकासुरराव, रास्त प्रश्न. लेखी उत्तराचं काय करायचं ते सांगते.

१९९८च्या कायद्याने प्रत्येक ऑथॉरिटीला वार्षिक आणि पंचवार्षिक आराखडा हडला सादर करणं बंधनकारक केलं (लहान ऑथॉरिटींना बऱ्याच सवलती आहेत). दुरुस्तीचे पैसे कुठल्या इमारतीवर, कोणती घरं पाडायची, प्रवेशाचे नियम कसे बदलायचे, हे सगळं त्यात असतं. आराखडा करताना रेसिडेंट अ‍ॅडव्हायझरी बोर्डाचं, म्हणजे रहिवाशांच्या सल्लागार मंडळाचं, म्हणणं घ्यावं लागतं. शहरभराचं निवडून आलेलं मंडळ असेल तर ऑथॉरिटीला बोर्डावर तेच घ्यावं लागतं, आपल्या मर्जीतली माणसं निवडता येत नाहीत. जाहीर सुनावणीची सूचना ४५ दिवस आधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोर्डाच्या शिफारशी आणि त्यांचं काय केलं याचा खुलासा आराखड्याला जोडूनच वर पाठवायचा.

आता 'नोंद घेतली आहे' हे उत्तर आलं असं धरा. पुढच्या वर्षी त्याच बॉयलरबद्दल तीच शिफारस, सोबत गेल्या वर्षीचं उत्तर, आणि मधल्या हिवाळ्यातल्या तक्रारींच्या तारखा. तिसऱ्या वर्षी हा गठ्ठा नगरसेवकाच्या, वार्ताहराच्या किंवा कायदा मदत केंद्रातल्या वकिलाच्या टेबलावर जातो. एकट्या भाडेकरूची तक्रार वर्क ऑर्डरच्या नंबरात विरून जाते. मंडळाच्या कागदाला जावक क्रमांक असतो, तारीख असते आणि तो सरकारी दप्तरात राहतो. मी ज्या चिवट सेक्रेटरी बघितल्या आहेत त्या भाषणं करत नाहीत. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त दोन दिवसांत ऑथॉरिटीला पाठवतात आणि पोच मागतात, बस.

शिवाय त्याच कायद्याने ऑथॉरिटीच्या संचालक मंडळावर निदान एक तरी लाभार्थी रहिवासी असावा लागतो. काही अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. तिथे मत द्यायचा पूर्ण अधिकार असतो. एक मत म्हणजे फार नव्हे हे मान्य. पण त्या खोलीत 'लिफ्ट चालू आहे' असं व्यवस्थापक सांगत असताना समोर रोज जिने चढणारं माणूस बसलेलं असणं, याने बोलण्याची तऱ्हा बदलते.

हिशेबनीस

पैशाचं कोणीच बोलत नाही, म्हणून मी.

नियमानुसार रहिवासी सहभागासाठी दर घरामागे वर्षाला २५ डॉलर. त्यातले १५ मंडळाला, १० ऑथॉरिटीने त्याच कामावर खर्च करायचे. अर्थात केंद्राने पैसा मंजूर केला तर, आणि मंडळाने ऑथॉरिटीशी खर्चाचा लेखी करार केला तर. २०० घरांची वसाहत धरा: मंडळाच्या हातात वर्षाला ३,००० डॉलर. महिन्याला २५०. यात झेरॉक्स, फोन, प्रशिक्षण, बैठकीचा चहा.

आता दुसरा नियम बघा. पदाधिकाऱ्यांना महिन्याला २०० डॉलरपर्यंत मानधन देता येतं (ते पगारात धरत नाहीत, म्हणजे त्यावरून भाडं वाढत नाही). पाच जणांना पूर्ण मानधन दिलं तर वर्षाला १२,०००. म्हणजे ८०० घरांची वसाहत असली तरी सगळा पैसा मानधनातच संपला. लहान वसाहतीत मानधन मिळणंच शक्य नाही, मोठ्या वसाहतीत ते घेतलं तर इतर कामाला काही उरत नाही, आणि शेजारी विचारतात 'आमच्या पैशाचं काय केलं?' मंडळं फुटतात ती बहुतेक याच प्रश्नावर, असं माझं निरीक्षण. रक्कम किरकोळ असली की भांडण किरकोळ होतं असं अजिबात नाही.

रानजाई

हिशेबनीस +१. मी न्यूयॉर्कला राहते, वसाहतीत नाही पण तिथल्या मुलांची शिकवणी घ्यायला बरीच वर्षं जात होते. नाव सांगत नाही. तिथल्या मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे वसाहतीच्या आईच. कोणाचा हीटर बंद, कोणाच्या मुलाला शाळेत अडचण, पहिला फोन त्यांनाच. पण कम्युनिटी रूमची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये, पोटनियमांची एकुलती प्रत त्यांच्याच कपाटात, आणि निवडणूक जवळ आली की सूचनेचा कागद नेमका मागच्या दाराला लागायचा. त्या आजारी पडल्या तेव्हा काय झालं ते सांगायला नको, खोली कित्येक महिने बंद. आम्ही मुलांना जिन्यात शिकवलं.

वाईट बाई होत्या असं नाही हां. रात्री अकराला फोन उचलणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सगळं त्यांच्याकडे साचत गेलं.

शंकासुर

हेच ते! म्हणजे एकीकडे ऑथॉरिटी, दुसरीकडे आजन्म अध्यक्ष, आणि मधे भाडेकरू.

अवांतर: हे आपल्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीसारखंच निघालं की.

बोरूबहाद्दर

दिसायला तसंच, पण सोसायटीत सभासद मालक असतो, चिडला तर फ्लॅट विकून जातो. इथे चिडलेला भाडेकरू जाणार कुठे? अशा घरांसाठी प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. म्हणून इथली भांडणं कडू होतात आणि लांबतात.

'अधिकार शून्य' याबद्दल आणखी एक. काही ठिकाणी भाडेकरूंनी व्यवस्थापनच हातात घेतलं होतं. बॉस्टनच्या ब्रॉमली-हीथमध्ये १९७१ पासून भाडेकरूंची स्वतःची व्यवस्थापन संस्था होती, मिल्ड्रेड हेली यांच्या पुढाकाराने. सेंट लुईसला कॉक्रन गार्डन्समध्ये बर्था गिल्की, वॉशिंग्टनमध्ये केनिलवर्थ-पार्कसाइडला किमी ग्रे, १९८२ पासून. १९८७च्या गृहनिर्माण कायद्यात याला रीतसर जागाही मिळाली. त्यात राष्ट्राध्यक्ष रेगन आणि त्यांच्याच पक्षाचे जॅक केम्प यांच्या मंडळींना खाजगीकरणाची पायरी दिसली, आणि भाडेकरूंना स्वतःच्या हातातली पाना-पक्कड. दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या, वेगवेगळ्या कारणांनी.

या प्रयोगांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. केनिलवर्थच्या नूतनीकरणावर केंद्राने कोट्यवधी डॉलर ओतले, तेवढे सगळीकडे ओतणं कोणालाच परवडणार नव्हतं. ब्रॉमली-हीथचं व्यवस्थापन २०१२ मध्ये बॉस्टनच्या ऑथॉरिटीने परत घेतलं, कारभारातल्या त्रुटी दाखवून. तरी जवळपास चाळीस वर्षं चाललं. वसाहतीला आता हेली यांचंच नाव आहे. गळक्या नळापासून भाडेवसुलीपर्यंत सगळं भाडेकरूंनी सांभाळायचं, तेही ऑथॉरिटीला जेवढा पैसा पुरत नाही तेवढ्यातच, हे ऐकायला छान, करायला भयंकर. मला विचाराल तर मंडळाने व्यवस्थापक होऊ नये. व्यवस्थापकाच्या मानगुटीवर बसावं.

पायरीवर

शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन.

रानजाई, तुम्ही लिहिलेलं अगदी ओळखीचं आहे. किल्ली हा विनोदाचा विषय वाटतो, पण मी कुठल्याही वसाहतीत गेले की आधी तेच विचारते, किल्ल्या किती आणि कोणाकडे. यावर उपाय नियमातच आहे, फक्त तो वापरायला कोणीतरी पुढे यावं लागतं. पदाधिकाऱ्यांना परत बोलावण्याच्या मतदानाच्या अर्जासाठी किती मतदारांच्या सह्या हव्यात ते मंडळ पोटनियमांत ठरवतं, मात्र तो आकडा १० टक्क्यांपेक्षा खाली ठेवता येत नाही. समजा मतदार ३०० आणि पोटनियमांत १० टक्केच लिहिलेत, तर तीस सह्या. एका जिन्यात मिळतात. निवडणूकच नियमांप्रमाणे होत नसेल तर हड ऑथॉरिटीला मान्यता काढून घ्यायला लावू शकते. पण ऑथॉरिटीला झोपलेलं मंडळ सोयीचं असतं, त्यामुळे ती आपणहून क्वचितच हलते. शंकासुरांचा संशय इथे मला शंभर टक्के मान्य आहे.

तिसरा मजला

वाचनमात्र होतो, आता राहवलं नाही. शिकागोत शिकत असताना आम्हाला हा विषय होता. तिथे प्रत्येक वसाहतीच्या मंडळाला लोकल अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल म्हणतात आणि त्यांच्या अध्यक्षांची मिळून एक मध्यवर्ती परिषद असते. कॅब्रिनी-ग्रीन या वसाहतीतल्या टॉवर पाडापाडीची योजना आली तेव्हा तिथल्या मंडळाने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००० साली तडजोडीचा हुकूमनामा मिळवला, पुनर्विकासात रहिवाशांचा सहभाग आणि परत येणाऱ्यांसाठी घरं या अटींसह. टॉवर वाचले नाहीत, शेवटचा २०११ मध्ये पाडला. पण शंकासुर यांच्या 'ते कोर्टाने केलं' या मुद्द्याला हे उत्तर आहे: कोर्टात सगळ्यांच्या वतीने उभं राहायला कोणीतरी लागतं. दाव्यात वादी म्हणून नाव मंडळाचंच होतं.

शंकासुर

हा मुद्दा पटला. बाकी संशय खिशात ठेवतो, लागेल तेव्हा काढू.

शेवटचा प्रश्न. हल्ली ही घरं खाजगी भागीदारांकडे सोपवली जातात असं वाचतो. तसं झालं की मंडळाचं काय? नवा मालक म्हणेल, तुमचे नियम सरकारी घरांचे, इथे चालणार नाहीत.

रानजाई

न्यूयॉर्कमध्ये सध्या हाच वाद पेटलेला आहे. २०२२च्या राज्याच्या कायद्याने एक ट्रस्ट स्थापन झाला, आणि वसाहत त्यात जाणार का, खाजगी व्यवस्थापनाकडे जाणार, की आहे तशीच राहणार, यावर रहिवाशांचं मतदान घेतात. पहिलं मतदान ब्रुकलिनच्या नॉस्ट्रँड हाऊसेसमध्ये २०२३ च्या शेवटी झालं, लोकांनी ट्रस्टच्या बाजूने कौल दिला. पुढे कोनी आयलंड हाऊसेसने मात्र 'आहे तसंच' निवडलं. मंडळाचे पदाधिकारी यात उघड बाजू घेतात आणि त्यावरून लॉबीत भांडणं होतात. मला त्यात गैर काही वाटत नाही.

पायरीवर

शंकासुरराव, केंद्राची २०१२ पासूनची रॅड नावाची योजना आहे, तिच्यात घरं सेक्शन आठच्या, म्हणजे मालकाला सरकारने भाड्याचा वाटा देण्याच्या, करारावर जातात. तिथे भाग ९६४ जसाच्या तसा लागू राहत नाही, पण संघटना करायचा हक्क आणि घरामागे २५ डॉलर हे दोन्ही योजनेच्या अटींत घातलेले आहेत. अडचण वेगळीच होते. ऑथॉरिटी सरकारी, तिच्या बैठका जाहीर, कागद मागता येतात. नवा मालक बऱ्याचदा एखादी कंपनी असते, तिची जाहीर बैठक नसते. म्हणून घरं जाण्याआधीच ज्या मंडळांनी करारात लिहून घेतलं की नवा मालक दर तीन महिन्यांनी मंडळाला भेटेल, दुरुस्त्यांची यादी देईल आणि खोली काढून घेणार नाही, ती नंतर बोलू शकतात. ज्यांनी 'नंतर बघू' म्हटलं त्यांना आता खोलीसाठीही अर्ज करावा लागतोय.

हिशेबनीस

अर्जाची पोच घ्यायला सांगा त्यांना.